संकेतस्थळाच्या पान न् पानाची तपासणी स्क्रिप्टवर कशी सोपवावी

शीर्षक आहे का, दुवे चालू आहेत का, मराठी पानावर भाषेची खूण 'एमआर' आहे का, हे दर आठवड्याला हाताने बघत बसू नका. भाषेची खूण इंग्रजीची राहिली, तर दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि त्याला काही कळत नाही. म्हणून एकही पान सुटता कामा नये. पायथन जुजबी येतं असं धरतो.

पत्ते साइटमॅपमधून, म्हणजे साइटच्या पानांचे पत्ते असलेल्या फाइलमधून घ्या. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते चालतात, त्यामुळे मोठ्या साइटच्या फायली अनेक असतात, सगळ्या वाचा.

पान 'गेट'ने, म्हणजे पूर्ण पान आणणाऱ्या विनंतीने मागवा. 'हेड'ने (मजकूर न आणता फक्त सर्व्हरचं उत्तर आणणाऱ्या विनंतीने) काम लवकर होतं असं सांगणारे खूप भेटतील, पण काही सर्व्हर त्याला ४०५ ('ही पद्धत चालत नाही') देतात आणि पानातला मजकूर तर तुम्हाला हवाच आहे. दोन विनंत्यांमध्ये सेकंदभर थांबा. ४२९ ('फार विनंत्या झाल्या') आलं, तर सर्व्हर सांगेल तितका वेळ थांबा.

आता खरी अडचण. बहुतेक लेखांत सर्व्हरच्या 'सगळं ठीक' या संकेताबद्दल लिहिलेलं असतं, '२०० आलं म्हणजे पान ठीक.' हे चूक आहे, आणि याच टप्प्यावर मी सर्वांत जास्त अडकलो होतो. अनेक साइट्स नसलेल्या पानालाही २०० देतात आणि आत 'पान सापडले नाही' असं छापतात. काही साइट्स उडवलेल्या पानावरून गुपचूप मुखपृष्ठावर नेऊन सोडतात; तिथेही शेवटी २००च.

त्यावर 'सापडले नाही' हे शब्द शोधायचा उपाय सुचवला जातो. तो करू नका. हरवलेल्या वस्तूच्या बातमीतही ते शब्द येतात. शिवाय मराठीत अक्षरंच दगा देतात. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप करता येतं, तसं 'अ'वर अर्धचंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखी, स्क्रिप्टला वेगळी. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारा नियम) 'ऱ'चे दोन प्रकार एक करतं, 'ॲ'चे करत नाही. ती अदलाबदल स्वतः लिहावी लागते. शीर्षकं ताडून पाहतानाही ती लागेल.

खात्रीचा मार्ग असा: तपासणी सुरू करताना आधी एक नक्की अस्तित्वात नसलेला पत्ता मागवा, अक्षरं कशीही जुळवून. ४०४ ('पान नाही') आलं तर उत्तम. २०० आलं तर त्या पानाचं शीर्षक आणि मुख्य मजकूर जपून ठेवा. पुढे ज्या पानाचं दोन्ही त्याच्याशी जुळेल, ते मेलेलं समजा. प्रत्येक विनंतीचा अंतिम पत्ता मूळ पत्त्याशी ताडा. आणि मुख्य मजकुराच्या चौकटीत किमान काही अक्षरं आहेत का, हेही बघा. पान ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने भरत असेल, तर साध्या विनंतीला ही चौकट रिकामीच दिसेल. तिथे प्लेराइट (स्क्रिप्टमधून खरा ब्राउझर चालवणारं साधन) वापरा.

मग क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीत) वेळ लावा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर आपले पहाटेचे ३ म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे २१:३०.

अहवालात फक्त नवे बिघाड पाठवा. रोज तीच लांबलचक यादी आली, तर ती कुणीही उघडत नाही. मात्र साइटमॅपच्या यादीला एक मुद्दाम मोडका पत्ता जोडून ठेवा आणि तो दर वेळी अहवालाच्या पहिल्या ओळीत यायलाच हवा असा नियम करा. ज्या दिवशी ती ओळ दिसणार नाही, त्या दिवशी आधी स्क्रिप्ट तपासा.