अस्सल मंगालित्सा डुक्कर पारखताना

हंगेरीत १८३३ च्या सुमारास सर्बियातल्या शुमादिया डुकरांच्या संकरातून ही चरबीची जात घडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती जवळपास संपलीच होती. त्यामुळे जोडी नात्यातली निघू नये म्हणून वंशावळीचे कागद आधी मागा.

मेंढीसारख्या कुरळ्या केसांवर भुलू नका, उन्हाळ्यात ते विरळ होतात. केस बाजूला सारून कातडी बघा: राखाडी-काळी हवी. नाक, सड, खूर काळेच. सड गुलाबी दिसले, की संकराचा संशय घ्या. पिल्लांच्या अंगावर जन्मतः पट्टे असतात.

एका वेताला पाच-सहाच पिल्ले, वाढही सावकाश. घाईने खुराक वाढवलात तर मांस नाही, नुसती चरबी चढेल आणि लठ्ठ मादी गाभण राहायला कुरकुरेल.