खाऱ्या पाण्याच्या टाकीतले शेवाळ: आधी ओळखा, मग हात घाला

समुद्री मासे आणि प्रवाळ पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी लावून दोन-तीन महिने होतात आणि खडकांवर हिरवे केस दिसू लागतात. सकाळी पुसलेली काच संध्याकाळपर्यंत धुरकट होते, वाळूवर चट्टे पडतात. दुकानात विचारायला गेलात तर बहुधा समोर एक बाटली ठेवली जाईल. ती घेऊ नका. गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच शेवाळनाशकांत तांबे असते. त्याने शेवाळ जायच्या आधी गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ जातात. खडक आणि वाळू तांबे धरून ठेवतात, त्यामुळे पुढे कितीतरी महिने त्या टाकीत असे प्राणी सोडणे धोक्याचेच राहते.

हिशेबासाठी एक मध्यम टाकी समोर ठेवू: तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. कागदावर ती १९० लिटरची. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरते सुमारे १६० लिटर. पुढचे सगळे आकडे या १६० लिटरचे आहेत. डोस काढताना लोक १९० धरतात आणि जास्त औषध ओतून बसतात.

पहिली पायरी: हे नेमके कोणते शेवाळ?

निम्मे काम इथेच होते, कारण एका शेवाळावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी ठरू शकतो.

वाळूवर आणि काचेवर तपकिरी पूड असेल, बोट फिरवताच निघत असेल आणि टाकी नवी असेल, तर ते डायटम. पाण्यातले आणि वाळूतले सिलिकेट संपले की ते आपोआप ओसरतात. काच पुसा आणि थांबा.

हिरवे, मऊ, लांब केस बहुतेक वेळा डर्बेसिया असतात. ओढले की तुटतात आणि बुडखा खडकाला तसाच राहतो. एक केस पांढऱ्या बशीत पाण्यावर पसरून भिंगातून पाहा. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ते ब्रायोप्सिस. ते जास्त चिवट असते आणि बहुतेक प्राणी त्याला तोंड लावत नाहीत.

लालसर-जांभळा, बुळबुळीत पापुद्रा, जो नळीने ओढला की अख्खा उचलला जातो, तो सायनोबॅक्टेरिया. म्हणजे शेवाळ नव्हेच, जिवाणू. त्यातल्या काही जाती विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच वापरात आणतात. नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचे खाद्य; म्हणून नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मात्र शिल्लक, अशा टाकीत त्यांचे चांगले फावते.

हिरव्या चकचकीत गोळ्या म्हणजे व्हॅलोनिया. गोळी न फोडता बुडाशी नख घालून अख्खी काढायची आणि वर लगेच नळी धरायची. खडकावरचा गुलाबी-जांभळा टणक थर मात्र खरवडू नका. ते कोरलाइन शेवाळ, टाकी मार्गी लागल्याची खूण.

राहिले डायनोफ्लॅजेलेट, सगळ्यांत त्रासदायक. तपकिरी, चिकट, तारेसारखे लोंबणारे, आत हवेचे बुडबुडे अडकलेले. दिवसा दाट, पहाटे बरेच विरळ. गोगलगायी सुस्त पडू लागल्या किंवा मरू लागल्या तर संशय आणखी पक्का, कारण यातल्या काही जाती विषारी आहेत. घरच्या घरी करायची एक चाचणी आहे. थोडा चिकटा टाकीच्याच पाण्यासह बाटलीत घ्या आणि जोरात हलवून सगळा मोडून टाका. चहाच्या गाळणीत टिश्यू पेपर घालून ते पाणी काचेच्या पेल्यात गाळा आणि पेला दिव्याखाली तासभर ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तपकिरी धागे जमले तर डायनो.

दुसरी पायरी: टाकीत जाणारे पाणी तपासा

“आमच्याकडे आरओचेच पाणी घालतो,” हे उत्तर हमखास मिळते. पण स्वयंपाकघरातला आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. पाणी बेचव लागू नये म्हणून बहुतेक यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते. थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे त्यातून परत मिसळली जातात. टीडीएस मीटर बुडवला की ५०-६० दाखवतो. माणसाला ते उत्तम, टाकीला नाही. मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) बाहेर पडणारे पाणी मिसळणीच्या आधीच वेगळे काढून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचे, भांडे जोडा. तिथून निघणारे पाणी मीटरवर ० दिसले पाहिजे. आकडा १ झाला की रेझिन बदला. संपत आलेले रेझिन सिलिकेट लवकर सोडते, आणि सिलिकेट टीडीएस मीटरला जवळपास दिसतच नाही.

हे इतके ताणून सांगायचे कारण बाष्पीभवन. आपल्याकडे चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) परवडत नाही म्हणून अनेक जण पाण्यावर पंखा सोडतात, आणि पंख्याने पाणी भराभर उडते. दिवसाला दोन लिटर धरले तरी महिन्याला ६० लिटर. उडते ते फक्त पाणी. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट टाकीतच राहते आणि भरपाईच्या पाण्यातून दर महिन्याला त्यावर नवी भर पडते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी असेल तर विचारूच नका. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड डीआय पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नाही, नाहीतर क्षारता चढत जाते.

तिसरी पायरी: मोजा, पण शून्यावर विश्वास ठेवू नका

नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, एवढे असू द्या. साध्या थेंबांच्या किटवर ०.०५ आणि ०.१ मधला फरक डोळ्यांना कळत नाही. फॉस्फेटसाठी डिजिटल चेकर घेतलात तर पैसे वसूल होतात.

टाकीत केसांचे रान माजलेले आणि किट मात्र दोन्ही आकडे शून्य दाखवते, असेही होते. किट बरोबर असते. पाण्यात सुटलेले सगळे शेवाळाने आधीच पिऊन टाकलेले असते. हा आकडा पाहून “पाणी तर स्वच्छ आहे” म्हणून गप्प बसू नका.

चौथी पायरी: हाताने काढा

कंटाळवाणे काम आहे, पण याला पर्याय नाही. लांब वाढलेले केस कोणताही प्राणी खाऊन संपवत नाही. शिवाय शेवाळ जागेवरच मेले तर त्याने शोषलेले सगळे परत पाण्यात येते.

आधी सावधगिरी. खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (गुच्छात वाढणारे, प्रवाळासारखे मऊ प्राणी) असतील तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. असा खडक कोरडा घासायचा नाही आणि उकळत्या पाण्यात तर कधीच घालायचा नाही. त्या वाफेने माणसे रुग्णालयात पोहोचली आहेत.

सुटा खडक असेल तर दोन बादल्या घ्या, दोन्हींत टाकीचेच पाणी. पहिल्या बादलीत केस मुठीने उपटा आणि कडक टूथब्रशने बुडखे घासा. मग खडक बाहेर धरून, जिथे शेवाळ होते तिथेच ड्रॉपरने हायड्रोजन पेरॉक्साइड सोडा. केमिस्टकडे मिळणारे पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचे असते, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेले. त्यात तेवढेच डीआय पाणी घालून ते ३ टक्क्यांचे करा. खडक फसफसेल. दोन-तीन मिनिटांनी दुसऱ्या बादलीत खळखळून धुवा आणि परत ठेवा. पुढच्या काही दिवसांत उरलेले बुडखे पांढरे पडून गळतात. प्रवाळाला, कोळंबीला, शंखांना हे औषध लागू देऊ नका. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त खडक घेऊ नका, कारण टाकीचे पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू याच खडकांत राहतात.

खडक रचून चिकटवलेले असतील तर १२ मिलिमीटरच्या नळीच्या तोंडाशी टूथब्रश केबल टायने बांधा. पंप आणि वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंखा) बंद करा. एका हाताने घासायचे आणि सुटलेले तुकडे त्याच नळीने बाहेर. पंप चालू ठेवून घासलेत तर प्रत्येक तुकडा दुसरा कोपरा गाठून तिथे संसार थाटतो.

पाणी बदल आणि फॉस्फेटची मेख

नळीने पाणी बाहेर गेलेच आहे, तर त्याच वेळी पाणी बदला. मिठाचे पाणी आदल्या दिवशी डीआय पाण्यात कालवून, पंपाने ढवळत ठेवलेले असावे. घनता १.०२५, तापमान टाकीइतके.

नायट्रेटचा हिशेब सरळ आहे. ४० पीपीएम असेल तर २० टक्के, म्हणजे ३२ लिटर पाणी बदलून ३२ होते, दुसऱ्यांदा २५.६, तिसऱ्यांदा २०.५. मधल्या काळात पडणारी भर सोडून दिली तरी निम्म्यावर यायला तीन खेपा लागतात. एकाच दिवशी निम्मी टाकी उपसण्यापेक्षा दर आठवड्याची ही चाल प्राण्यांना सोसते.

फॉस्फेट असे वागत नाही. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले टाकीतले खडक) आणि वाळू ते स्वतःत साठवतात, आणि पाण्यातले कमी झाले की परत सोडतात. आज ०.३ चे ०.२ केलेत तरी चार दिवसांनी चेकर पुन्हा ०.२८ दाखवू शकतो. इथे अनेकांचा धीर सुटतो. अशा वेळी लोहयुक्त फॉस्फेट रिमूव्हर, म्हणजे जीएफओ, कामी येतो. पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने सुरुवात करा. फॉस्फेट झपाट्याने खाली आले तर प्रवाळ रंग सोडतात.

सम्प (मुख्य टाकीला जोडलेली गाळणीची वेगळी टाकी) असेल तर त्यात किटोमॉर्फा हे गुंतवळासारखे शेवाळ वाढवा आणि त्यावरचा दिवा रात्री चालू ठेवा. ते वाढेल तसे मूठ-मूठ काढून फेका. त्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेटही टाकीबाहेर जाते. फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळणारी कापडी पिशवी, तीन-चार दिवसांनी बदला. त्यात अडकलेली घाण तशीच राहिली तर सडून पाण्यातच उतरते.

खाणे, उजेड, प्रवाह

दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खायला द्या. गोठवलेले खाणे धुऊन घालण्याचा आग्रह बरेच जण धरतात. त्याने थोडा फरक पडतो, पण खरा फरक मात्रेने पडतो. दिवा आठ तास पुरे, त्यातही पांढरा उजेड कमी आणि निळा जास्त. खिडकीतले ऊन टाकीवर पडत असेल तर पडदा लावा. सायनोचा पापुद्रा बहुधा पाणी साचते तिथे असतो, म्हणून वेव्हमेकरचे तोंड तिकडे वळवा. तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवल्यावर सायनो दबतो. हिरव्या केसांवर हा उपाय वाया जातो.

सफाई कामगार

हे शेवटी, खडक साफ झाल्यावर. आठ-दहा लहान गोगलगायी पुरेत. अॅस्ट्रिया उलटी पडली की स्वतःहून सरळ होत नाही आणि मरते. ट्रोकस सरळ होते. टर्बो भरपूर खाते, पण सुटे प्रवाळ पाडत जाते. हर्मिट खेकडे शंखासाठी गोगलगायी मारतात, म्हणून थोडे रिकामे शंख टाकून ठेवा. व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा. लॉनमोअर ब्लेनी हा मासा काचेवरचा आणि खडकावरचा बारीक थर खरवडतो. टाकी अगदी चकाचक झाली तर तो उपाशी राहतो, मग त्याला नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) घाला. टँग जातीचा मासा मात्र या मापाच्या टाकीत नको, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

टर्बो आणि ट्रोकसच्या काही मोठ्या जाती भारतात कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा घेताना जात विचारा. मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून “जिवंत दगड” उचलून आणण्याचा मोहही नको. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

औषध घालायचे का?

ब्रायोप्सिस हटतच नसेल तर हौशी लोक फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे औषध वापरतात, साधारण लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला ८०० मिलिग्रॅम. फिल्टरमधला कार्बन (कोळसा) त्या काळात काढून ठेवावा लागतो. वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावरच याचा विचार करा. सायनोसाठी एरिथ्रोमायसिन घालू नका. ते टाकीतल्या इतर जिवाणूंनाही मारू शकते आणि शेवटी हे अँटिबायोटिक गटारात जाते.

डायनो असतील तर सगळे उलटे

नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणण्याच्या नादात अनेक टाक्या आगीतून फुफाट्यात पडतात. केस गेले आणि डायनो आले. अशा वेळी जीएफओ काढा, पाणी बदलणे थांबवा, खाणे वाढवा. नायट्रेट ५ च्या वर आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर नेऊन तिथे टिकवा. चिकटा रोज नळीने ओढा, पण ते पाणी बारीक कापडातून गाळून परत टाकीत घाला. ऑस्ट्रिओप्सिस हे डायनो रात्री पाण्यात सुटतात, त्यामुळे यूव्ही स्टेरिलायझर (अतिनील किरणांनी पाण्यातले जीव मारणारे यंत्र) त्यांच्यावर चालतो. वाळूतच राहणाऱ्या जातींवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

नेहमीच्या हिरव्या केसांना पूर्ण ओसरायला दीड ते तीन महिने धरा. आधी रंग फिका पडतो, मग ओढल्यावर बुडख्यासकट सहज सुटतात. मोकळ्या झालेल्या खडकावर थोडे दिवस तपकिरी पूड येईल, येऊ द्या. फॉस्फेट ०.०५ च्या आसपास दोन-तीन आठवडे टिकले की जीएफओची पिशवी बाहेर काढा आणि चेकरने आठवड्यातून एकदा पाहत राहा.