रिव्हॉल्व्हरच्या नळीवरचा गंज काढताना काळी झिलई कशी राखावी

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की महाराष्ट्रातील अनेक परवानाधारकांना आपले शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात आल्या, त्यामुळे काहींना तर दोनदा शस्त्र जमा करावे लागले. जमा करताना नळीला तेलाचा हात फिरवलेला नसेल, तर परत मिळाल्यावर तिच्यावर तांबूस ठिपके दिसण्याची शक्यता बरीच असते; कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तर यासाठी फार दिवसही लागत नाहीत. पुढील माहिती काळ्या-निळसर झिलईच्या, म्हणजे ब्लूइंग केलेल्या पोलादी नळीसाठी आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

कामाला बसण्यापूर्वी शस्त्र रिकामे करावे. या रिव्हॉल्व्हरची नळी बिजागरीवर पुढे खाली झुकते आणि त्याच वेळी सिलिंडरमधील काडतुसे वर उचलली जातात. तरीही सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत, प्रत्येकावर बोट फिरवून खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. हातातील शस्त्र पिस्तूल असेल तर आधी मॅगझीन काढावे आणि मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीमागचे काडतुसाचे घर, तपासावा. हा क्रम उलटला तर चेंबरमध्ये नवे काडतूस चढते.

तांबूस गंज आणि काळी झिलई ही दोन्ही लोखंडाची ऑक्साइडेच आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. गंज पोकळ आणि भुसभुशीत असून ओलावा धरून ठेवतो. झिलई म्हणजे मॅग्नेटाइटचा घट्ट चिकटलेला थर, पण तो इतका पातळ असतो की त्याची जाडी मायक्रॉनमध्येच मोजावी लागते. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर किंवा तांब्या-पितळेची भांडी उजळण्याची पावडर यांपैकी काहीही लावले तर त्यातील आम्ल या दोन थरांत भेद करत नाही, आणि गंजासोबत झिलईही विरघळून पांढरे, उघडे पोलाद समोर येते. बाजारात मिळणारी फॉस्फोरिक आम्लाची गंजनाशके याच कारणाने वर्ज्य आहेत. पॉलिश पेपर आणि स्वयंपाकघरातील हिरवी घासणीही दूर ठेवावी, कारण त्या घासणीत पोलादाहून कठीण कण असतात.

मग करायचे काय? पातळ खनिज तेल घ्यावे. बंदुकीचे तेल उत्तम, तेही नसेल तर शिलाई मशीनचे तेल चालते. गंजाच्या जागी ते भरपूर लावून रात्रभर तसेच राहू द्यावे. तेल गंजाच्या छिद्रांत शिरून त्याची पकड सैल करते आणि सुटलेले कण आपल्यात धरून ठेवते. सकाळी पांढऱ्या सुती फडक्याने नळी पुसावी. फडके पांढरेच हवे, कारण त्यावर उतरणारा चहासारखा तांबूस रंग पाहूनच काम किती झाले ते कळते. ठिपके केवळ वरवरचे असतील तर पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

उरलेल्या ठिपक्यांसाठी ब्राँझची किंवा अतिबारीक, म्हणजे 0000 क्रमांकाची पोलादी लोकर वापरावी. ब्राँझ झिलईपेक्षा मऊ असल्यामुळे मी त्यालाच पसंती देईन. मुठीच्या लाकडी पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर आधी थोडे घासून पाहावे. तिथे काळा रंग फिका पडला नाही तर ठिपक्यावर पुन्हा तेल सोडावे आणि लोकरीचा लहान बोळा दोन बोटांत धरून, जोर न लावता, नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवावा. दहा-बारा हात फिरले की थांबून पुसावे आणि बोळ्याची बाजू बदलावी. सुटलेला गंज स्वतःच घासकाम करतो. दागिन्यांना चकाकी देण्यासाठी वापरली जाणारी लाल भुकटी लोहाचे ऑक्साइडच असते. त्यामुळे मळलेल्या बोळ्याने घासत राहणे म्हणजे झिलई आपल्या हाताने झिजवणे होय. कोरडे तर कधीच घासू नये.

गंज निघाल्यावर जागेवरून नख फिरवावे. नख अडखळले तर गंजाने पोलादात खड्डा पाडला आहे, आणि तो घासून भरून येत नाही. खड्ड्यातील तांबूस रंग गेला की तेथेच थांबावे. अनुक्रमांकाच्या आसपास तर विशेष जपावे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 8 नुसार शस्त्रावरील क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे वा बदलणे हा गुन्हा आहे. निकेल किंवा क्रोमचा मुलामा असलेल्या नळीवर ही कृती करू नये, कारण तेथे गंज मुलाम्याच्या खाली असतो आणि घासल्याने पापुद्रे सुटतात. असे शस्त्र, तसेच नळीच्या आतील आट्यांत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांत, खड्डे पडलेले शस्त्र, दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

झिलई उडालेल्या लहान जागेवर कोल्ड ब्लूइंगचे, म्हणजे न तापवता काळा रंग देणारे, द्रावण लावता येते, पण त्यापूर्वी ती जागा पूर्णपणे तेलमुक्त करावी लागते. या द्रावणांत बहुधा सेलेनियमची विषारी संयुगे असतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. येणारा रंग मूळ झिलईइतका टिकत नाही. तो डाग झाकण्यापुरताच समजावा.

झिलई स्वतः गंजापासून फारसे रक्षण करत नाही. ती तेल धरून ठेवते आणि खरे रक्षण ते तेल करते. म्हणून सफाईनंतर, आणि शस्त्र जमा करण्यापूर्वीही, सगळ्या नळीवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. खोबरेल किंवा मोहरीचे तेल वापरण्याची सवय अनेक घरांत आहे, ती मोडावी. वनस्पती तेले हवेत चिकट होतात, खवट होतात आणि भागांत राळ साचवतात. डब्ल्यूडी-40 हे पाणी हटवण्यासाठी चांगले आहे, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, म्हणून पावसाळाभर त्यावर विसंबू नये. शस्त्र दीर्घकाळ ठेवायचे असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर बाहेरून लावून मऊ कापडाने चोळावा. तेलाप्रमाणे ते ओघळत नाही आणि बोटांच्या घामातील क्षारही पोलादापर्यंत पोहोचू देत नाही.

चामड्याच्या म्यानात शस्त्र साठवू नये. चामडे ओलावा शोषते आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात राहिलेले असू शकतात. कुलूपबंद पेटीत सिलिका जेलची पिशवी आणि शक्य असल्यास छोटा आर्द्रतामापक ठेवावा. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहिली तर गंजाची चिंता बरीच कमी होते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पेटी उघडून नळी पुसावी. काडतुसे मात्र वेगळी आणि कोरडी ठेवावीत, कारण झिरपलेले तेल त्यांची टोपी, म्हणजे दारू पेटवणारा बुडाचा भाग, निकामी करू शकते. रेंजवर जाण्यापूर्वी नळीच्या आतून आणि सिलिंडरच्या घरांतून कोरडा कपडा फिरवून तेल पूर्ण काढावे.