शांततेच्या कामासाठी निधी उभा करताना या चुका टाळा

पुण्यात बायकांचा एखादा गट वस्तीतले तंटे मिटवायला बसतो, अफवा पसरायला लागल्या की रात्रभर फोनवर जागतो, शाळांमध्ये अहिंसक संवादाची सत्रं घेतो. सुरुवात स्वतःच्या पर्समधून होते. मग ओळखीतली वर्गणी येते, मग एखादी मोठी देणगी. दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं, "पैसे नेमके कुठे गेले?" उत्तर प्रामाणिक असतं, पण कागदावर नसतं. शांततेचं काम न आवडणाऱ्यांना गट मोडायला एवढं पुरतं. म्हणून पहिल्या रुपयापासून पुढच्या गोष्टींकडे लक्ष द्या.

हेतू न ठरवता हात पसरणं

"आमच्या कामाला मदत करा" हे आवाहन सगळ्यात कमी पैसे आणतं आणि नंतर सगळ्यात जास्त भांडणं लावतं. कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 रोजी इथेच, आगाखान पॅलेसमध्ये वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ निधी उभारायचं ठरलं तेव्हा उद्दिष्ट होतं 75 लाखांचं, कारण त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला गांधीजींना 75 वर्षं पूर्ण होणार होती. ते उद्दिष्ट ओलांडलं गेलं. पण त्याहून शिकण्यासारखी गोष्ट ही की पैसा खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुलांसाठीच वापरायचा, हे गांधीजींनी आग्रहानं ठरवून घेतलं. आकडा, मुदत आणि खर्चाची जागा, तिन्ही ठरलेलं होतं.

तुमचं आवाहनही असंच असावं. उदाहरणार्थ: मार्चअखेरपर्यंत हडपसर आणि येरवड्यातल्या सहा शाळांत प्रत्येकी चार सत्रं, एकूण 24. साहित्य, प्रवास आणि प्रशिक्षिकेचं मानधन धरून एका सत्राला 2,500 रुपये, म्हणजे 60,000. लेखापरीक्षण, पावतीपुस्तकं आणि छपाईसाठी आणखी 6,000. मागणी 66,000 रुपयांची. पैसे उरले तर कुठे वापरणार, तेही एका ओळीत आधीच लिहा. ती ओळ नसली तर उरलेले 9,000 रुपये सहा महिने बैठकीचा विषय होऊन बसतात.

मानधन आणि रिक्षाभाडं लपवू नका. "आमच्या बायका सगळं फुकट करतात" असं अभिमानानं सांगणाऱ्या गटातून आधी गळतात त्या घरकामाला जाणाऱ्या, रोजंदारीवरच्या बायका. त्यांचा बुडालेला रोज आणि मुलांना सांभाळायची सोय हा खर्चच आहे. तो अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. समजूतदार देणगीदार त्यावर प्रश्न विचारत नाही, आणि विचारलाच तर उत्तर तयार असतं.

खातं बाईंचं, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर

पोस्टरवर एकीच्या गूगल पेचा क्यूआर कोड छापणं ही आजची सर्रास चूक आहे. पैसे तिच्या बचत खात्यात येतात आणि तिच्या पगारात मिसळतात. उद्या आयकर खात्यानं विचारलं तर ते तिचं उत्पन्न नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर येते. ती आजारी पडली, गावी गेली किंवा गटातून बाहेर पडली की निधीही तिच्याबरोबर जातो. कुणाचाही हेतू वाईट नसताना हे घडतं.

संस्थेच्या नावानं खातं उघडा. सह्या तिघींच्या ठेवा, त्यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीनं पैसे निघतील अशी सूचना बँकेला लेखी द्या. तिघी एकाच घरातल्या नकोत. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक संस्थेच्या स्वतंत्र सिमचा हवा. पुष्कळ गटांत काम बायका करतात, पण नेटबँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी कुणाच्या तरी नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, "हिशेबाचं तेवढं दादाच बघतो" म्हणून. दादा मदतीला जरूर असू द्या. पण दर महिन्याच्या बैठकीत पासबुक उघडून जमा-खर्च मोठ्यानं वाचण्याचं काम सभासद बाईनंच करावं, दर वेळी वेगळीनं. तीन-चार महिन्यांत सगळ्यांना हिशेब वाचता यायला लागतो.

स्वतंत्र सिमचा आणखी एक उपयोग आहे. शांततेची भूमिका जाहीर घेणाऱ्या बाईचा खाजगी नंबर पत्रकावर छापला की रात्री-अपरात्री घाणेरडे फोन सुरू होतात. पत्रकावर संस्थेचाच नंबर द्या. दारोदार जाताना दोघी मिळून जा, उजेडी जा, आणि त्या दिवशी कोणत्या सोसायटीत कोण जाणार हे तिसरीला माहीत असू द्या.

परवानगी आणि पावती

पुण्यात गणपतीची वर्गणी लहानपणापासून पाहिलेली असल्यानं पावतीपुस्तक छापलं की झालं, असा समज आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली तुमची नोंदणी नसेल, तर लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे जमवण्याआधी कलम 41 क खाली परवानगी घ्यावी लागते. मंडळं घेतात तीच ही परवानगी. पुणेकरांसाठी धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय ढोले पाटील रस्त्यावर आहे. सभासदांचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि आधीचा हिशेब तयार ठेवा. नोंदणीकृत संस्था असाल तर वेगळी चूक होते. कार्यकारिणी बदलते, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल होत नाही. मुदत 90 दिवसांची आहे. ती टळली की बँक जुन्याच सह्या धरून बसते.

पावतीपुस्तकांना सलग क्रमांक हवेत. कोणतं पुस्तक कुणाला, कोणत्या तारखेला दिलं आणि कधी परत आलं याची एक वही ठेवा. चुकलेली पावती फाडून टाकू नका, दोन्ही प्रतींवर "रद्द" लिहून पुस्तकातच राहू द्या.

करसवलतीबद्दल तोंडी आश्वासन देऊ नका. इथे चार गोष्टी नेहमी गफलतीत जातात. पहिली, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी 80जी मान्यता संस्थेकडे असावी लागते, केवळ नोंदणी पुरत नाही. दुसरी, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, आणि वस्तुरूप देणगीला तर मुळीच नाही. तिसरी, नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला ती लागू नाही. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते: देणगीदाराचा पॅन पावतीच्या वेळीच घ्यायचा असतो. 2025-26 पर्यंतच्या देणग्यांसाठी संस्थेनं फॉर्म 10बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरण, 31 मेपर्यंत भरायचा असतो. उशिराला दिवसाला 200 रुपये शुल्क पडतं, आणि मे महिन्यात दीडशे लोकांना पॅनसाठी फोन करत बसावं लागतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून नवी पावतीपुस्तकं छापण्याआधी मजकूर सीएकडून तपासून घ्या.

भाचा न्यू जर्सीत आहे, त्याला सांगते

असं म्हणणारी एक तरी मावशी पुण्यातल्या प्रत्येक गटात असते. इथे थांबा. भाच्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत घेऊन फाइलला लावा. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असूनही तो परदेशी स्रोत ठरतो. परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी नसेल तर त्याचे शंभर रुपयेही घेता येत नाहीत. रुपयांत, पुण्यातल्या खात्यातून दिले तरीही नाही. नोंदणी असली तरी असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. "त्यांची नोंदणी आहे, त्यांच्यामार्फत घेऊ" ही पळवाट तिथेच बंद झाली.

कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत

हा ठराव चेक हातात येण्याआधी करायचा असतो. खडकीत दारूगोळा कारखाना, देहूरोडला आयुध निर्माणी, भोवताली संरक्षण साहित्य बनवणारे उद्योग, अशा शहरात आपण काम करतो. त्या वसाहतींतल्या बायका आपल्या सभासदही असतात, आणि त्यांची 100 रुपयांची वर्गणी आनंदानं घ्यावी. शस्त्रविक्रीतून आलेला सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा का, हा प्रश्न वेगळा. आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नये. तुमचं मत काहीही असो, ते लेखी हवं. निवडणूक लढवणाऱ्या उमेदवाराची देणगी, नाव न सांगणाऱ्याची मोठी रोख रक्कम आणि फलकावर फोटो लावण्याची अट, या तिन्हींचा निर्णय त्याच ठरावात करून टाका.

दागिन्यांचंही तसंच. 1934 च्या जानेवारीत मलबारमधल्या वडकरा इथे कौमुदी नावाच्या मुलीनं अंगावरचे दागिने हरिजन निधीला दिले. तेव्हा गांधीजींनी आधी विचारलं, आईवडिलांची परवानगी आहे ना? सभेच्या भरात कुणी बांगडी काढून दिली तर ती त्याच दिवशी विकू नका. वजन आणि वर्णन लिहिलेली पोच द्या, आठवडाभर थांबा, पुन्हा विचारा. घरात त्यावरून तिला मार बसणार असेल तर ती बांगडी परत गेलेलीच बरी.

कार्यक्रमातून पैसे उरत नाहीत, ते का?

300 खुर्च्यांचं सभागृह, 200 रुपये तिकीट, म्हणजे 60,000 रुपये, असा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात 60 जागा "आपल्याच माणसांना" फुकट जातात, 40 रिकाम्या राहतात. येतात 40,000. भाडं, ध्वनी, छपाई, कलाकारांचा प्रवास आणि चहा मिळून 38,000 झाले असतील तर तीन महिन्यांच्या धावपळीचे 2,000 उरले. उपाय असा: खर्चाची रक्कम दोन-तीन प्रायोजकांकडून किंवा स्मरणिकेच्या जाहिरातींतून आधी जमा करा, ती जमल्याशिवाय सभागृहाचे पैसे भरू नका. जाहिरातीला देणगीची पावती फाडू नका, ते मोबदला घेऊन आलेले पैसे आहेत. तिकिटांवर बक्षिसाची सोडत ठेवायचा मोहही टाळा, परवानगीशिवाय ती बेकायदा लॉटरी ठरते.

वर्षाला 2,40,000 हवे असतील तर अशी फोड करून पाहा: 25,000 च्या दोन देणग्या, 5,000 च्या दहा, 1,000 च्या साठ, महिना 100 रुपये देणाऱ्या चाळीस जणी, आणि एका कार्यक्रमातून 32,000. यात सगळ्यात भरवशाचे त्या चाळीस जणींचे 48,000. भिशीची सवय असलेल्या बायकांना दरमहा शंभर बाजूला काढणं अवघड नसतं, फक्त तारीख ठरलेली हवी. संक्रांतीच्या वाणाचे पैसे निधीला द्यायची कल्पनाही चालते. मात्र त्याला हळदीकुंकू म्हणू नका, तिळगूळ समारंभ म्हणा, म्हणजे विधवा आणि मुसलमान मैत्रिणीही हक्कानं येतील. आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस वर्गणीला निघूच नका.

चूक होऊन गेली असेल तर

पैसे एकीच्या खात्यात जमा झालेत: तारीख आणि रकमेसह यादी करा, सगळी रक्कम एकाच व्यवहारानं संस्थेच्या खात्यात वळवा, बैठकीत ठराव घ्या, बँक उतारा त्याला जोडा.

परदेशी नागरिकाचे पैसे आले: खर्च करू नका, ज्या खात्यातून आले तिथेच परत पाठवा, पत्रव्यवहार जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात परदेशी योगदान नियमन कायद्याची माहिती असलेल्या सीएला भेटा.

पावतीपुस्तक हरवलं: पोलिसांकडे तक्रार नोंदवा, त्या क्रमांकांच्या पावत्या रद्द केल्याचं देणगीदारांच्या ग्रुपवर आणि फलकावर जाहीर करा. कोरं पुस्तक हरवणं हे भरलेलं हरवण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

खातं गोठवलं गेलं: कुणा अनोळखी माणसानं सायबर फसवणुकीतले पैसे क्यूआरवर टाकले तरी असं होतं. शाखेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि अडकलेली नेमकी रक्कम लेखी मागा. वादातली रक्कम तेवढीच रोखून बाकीचं खातं मोकळं करावं, असा अर्ज त्या ठाण्याला आणि बँकेला एकाच दिवशी द्या. सोबत त्या तारखेच्या पावतीची प्रत हवी, आणि ती वेळेत सापडावी म्हणूनच क्यूआरवर आलेल्या प्रत्येक रकमेची पावती त्याच आठवड्यात फाडायची.