इलेक्ट्रिक जॅझचा संग्रह करताना

सुरुवात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘जॅक जॉन्सन’पासून करा. १९७१ची ही एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, इलेक्ट्रिक जॅझही (विजेच्या वाद्यांवरचा जॅझ) आहे आणि एका माहितीपटाचं पार्श्वसंगीतही. दोन बाजू, दोनच रचना, प्रत्येकी २५ मिनिटांहून लांब. इथेच गोम आहे. बाजू लांब म्हणजे खाचा दाटीवाटीच्या, आवाज थोडा हळू आणि मधल्या लेबलाजवळ येता येता झांजा चरचरायला लागतात. सुई झिजलेली असेल तर आणखीच. म्हणून जुनी प्रत ऐकून घेणार असाल तर सुई थेट शेवटच्या तीन-चार मिनिटांवर ठेवा. सुरुवात सगळ्यांचीच चांगली वाजते.

यातली दुसऱ्या बाजूची रचना ‘यस्टरनाऊ’ नीट ऐका. मध्येच डेव्हिसच्याच १९६९च्या ‘इन अ सायलेंट वे’ या एलपीचा तुकडा येतो. निर्माता टिओ मासेरोने टेप कापून जोडलाय. त्यामुळे दोन्ही तबकड्या शेजारी असलेल्या बऱ्या.

तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. नखाला लागणारा ओरखडा टकटक करणारच, धुऊन जात नाही. केसासारख्या रेघा बहुधा चालून जातात.

साउंडट्रॅक घेताना एक प्रश्न आधी विचारा: हे चित्रपटातलंच ध्वनिमुद्रण आहे, की एलपीसाठी पुन्हा वाजवलेलं? पाठीमागचा मजकूर वाचा. फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या चित्रपटासाठी डेव्हिसने डिसेंबर १९५७मध्ये पॅरिसमध्ये वाजवलेलं संगीत मूळ एलपीवर प्रतिध्वनी मिसळून आलं. नंतरच्या सीडीवर तेच कोरडं, म्हणजे प्रतिध्वनीशिवाय, शिवाय जादा टेक (त्याच रचना पुन्हा वाजवलेल्या). आम्ही दोन्ही ठेवू.