विद्यार्थ्यांना कॅटलॉगिंगची साधनं देताना या चुका टाळा

प्रॅक्टिकल सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. वर्गात तीस विद्यार्थी, आणि अठ्ठावीस जणांच्या स्क्रीनवर एकच निरोप: सगळ्या सीट वापरात आहेत, थोड्या वेळानं प्रयत्न करा. वर्षभर अर्ज-विनंत्या करून विभागानं कॅटलॉगिंगच्या, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, ऑनलाइन साधनाची वर्गणी भरली होती आणि ती निघाली एका वेळी दोनच वापरकर्त्यांची. फॉर्मवरचा तो रकाना कोणी नीट वाचला नव्हता. न वाचणाऱ्यांत मीही होतो.

ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या विभागांकडे पैसा कमी असतो, हे रडगाणं खरंच आहे. पण आहे तो पैसाही आपण बरेचदा आधी लॉगिनवर घालतो, आणि विद्यार्थी नेमका कुठे अडतो हे नंतर पाहतो. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

सीट मोजताना

‘एका वेळी किती जण’ आणि ‘एकूण किती जण’ हे दोन वेगळे आकडे आहेत. वर्गणीचा दर बहुधा पहिल्यावर ठरतो. दोन-तीनच सीट परवडत असतील तर अख्खा वर्ग एकदम बसवू नका. गट पाडा, आणि बाकीच्यांना त्या वेळात वर्गणी न लागणारं काम द्या. दुसरं, काम संपल्यावर टॅब नुसता बंद करून चालत नाही, लॉगआउटच करायला हवं. नाहीतर सेशनची मुदत संपेपर्यंत ती सीट अडकून राहते आणि पुढचा गट ताटकळतो. ‘लायसन्स चालत नाही’ या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलंय.

घरून उघडत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. लायसन्स संस्थेच्या आयपी पत्त्यांना बांधलेलं असेल तर ते घरून उघडणारच नाही. प्रॉक्सी किंवा व्हीपीएनची सोय सत्र सुरू व्हायच्या आधी करून घ्या. एकच पासवर्ड सगळ्या ग्रुपवर टाकणं हा उपाय नव्हे. तो करारभंग आहे, आणि ऐन परीक्षेच्या आठवड्यात खातं गोठलं तर दाद कोणाकडे मागणार?

विक्रेत्याशी बोलताना वर्षाचा दर विचारून गप्प बसू नका. शिकवण्यासाठी वेगळी अट आहे का, फक्त एका सत्रापुरता प्रवेश मिळेल का, हे लेखी विचारा.

फुकट आहे तेच विकत घेणं

लायब्ररी ऑफ काँग्रेसची (एलसी) विषयशीर्षकं आणि नामप्राधिकार नोंदी (लेखकाचं नाव कोणत्या रूपात लिहायचं ते ठरवणाऱ्या) त्यांच्या लिंक्ड डेटा सेवेवर कोणालाही शोधता येतात. एलसी वर्गीकरणाचे तक्तेही पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेची ‘फास्ट’ ही विषयशीर्षकांची यादी खुल्या परवान्यावर आहे, यूडीसी या वर्गीकरण पद्धतीची संक्षिप्त आवृत्तीही तशीच. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या साच्याची सगळी टॅगवार माहिती खुली आहे (टॅग म्हणजे नोंदीतल्या रकान्याचा क्रमांक). मार्क नोंदी संपादित करणारं मार्कएडिट मोफत, डेटा साफ करणारं ओपनरिफाइन मोफत, ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर कोहा तर मुक्त स्रोतच. पहिलं सत्र एवढ्यावर आरामात निघतं.

ड्यूई दशांश वर्गीकरणाचं मात्र तसं नाही. दहा मुख्य वर्ग, शंभर विभाग आणि हजार उपविभाग यांचे सारांश उघड मिळतात, पण पुस्तकाचा विषयक्रमांक बांधायचा तर सहा सहायक सारण्या आणि पूर्ण तक्ते लागतात. ते वर्गणीतच आहेत. म्हणून पैसे टाकायचेच असतील तर इथे टाका, आणि क्रमांकबांधणी शिकवायच्या आठवड्यांतच टाका. उरलेल्या काळात ते लॉगिन नुसतं धूळ खातं.

मग कोणीतरी जुन्या आवृत्तीचं स्कॅन फिरवतो. बेकायदा तर ते आहेच, शिवाय घात करतं. एकोणिसाव्या आवृत्तीत संगणकाचा विषय ००१.६ मध्ये होता. १९८५ मध्ये त्याची फेरमांडणी होऊन ००४ ते ००६ हे वर्ग आले. स्कॅनवरून शिकलेला विद्यार्थी आजच्या पुस्तकाला ००१.६ देतो, आणि चूक पुस्तकाची की आपली, हे त्याला कळत नाही.

कोहा सगळ्यांना, तोही सुपरलायब्रेरियन म्हणून

शिकायचंय ना, मग सगळे अधिकार देऊन टाकू, असं वाटतं खरं. एका गटानं माझ्यादेखत कॅटलॉगिंगचा फ्रेमवर्क, म्हणजे नोंदीच्या रकान्यांचा साचा, बदलला, आणि पुढच्या तासाला कोणालाच ०२० टॅग दिसेना. आयएसबीएन भरायचा कुठे? विद्यार्थ्यांना कॅटलॉग संपादनाचाच अधिकार द्या. ज्यांना प्रशासन शिकायचंय त्यांना वेगळा इन्स्टन्स, म्हणजे कोहाची स्वतंत्र प्रत, काढून द्या. एकाच सर्व्हरवर कोहाचे अनेक इन्स्टन्स चालतात, आणि एक मोडला तरी बाकीचे शाबूत राहतात. बॅकअपची कमांड रोज रात्री आपोआप चालेल असं लावून ठेवा.

इंटरनेटवरच्या सार्वजनिक डेमोवर गृहपाठ कधीच देऊ नका. डेमो अधूनमधून पुसून पुन्हा कोरे केले जातात. चाळीस नोंदी गेल्यावर विद्यार्थ्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

तयार नोंद उतरवणं म्हणजे कॅटलॉगिंग नव्हे

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. झेड ३९.५० या सोयीनं दुसऱ्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधलं की तयार नोंद क्षणात येते. तीस विद्यार्थी, तीस नोंदी, सगळ्या हुबेहूब. साधन मिळालं, पण निर्णय घ्यायचा सरावच झाला नाही.

वर आणखी एक प्रकार होतो. आलेली नोंद साचा म्हणून वापरायची आणि त्यावर आपलं शीर्षक टाकायचं. मूळ शीर्षक ‘द’ या इंग्रजी आर्टिकलनं सुरू होत होतं, म्हणून २४५ या शीर्षकाच्या टॅगचा दुसरा इंडिकेटर (टॅगशेजारचा सूचक अंक) ४: आर्टिकलची तीन अक्षरं आणि एक स्पेस, क्रमवारीत सोडून द्यायची. विद्यार्थ्यानं शीर्षक बदलून ‘गणित प्रवेशिका’ केलं आणि इंडिकेटर तसाच ठेवला. आता मोजा: ग, ण, वेलांटी, त. युनिकोडमध्ये ही चार चिन्हं होतात. इंडिकेटर पाळणाऱ्या सिस्टीमनं अख्खं ‘गणित’ गिळलं आणि पुस्तक ‘प’मध्ये जाऊन बसलं. नोंद उघडून पाहिली तर सगळं ठीक दिसतं. यादी लावल्यावरच बिंग फुटतं. मराठी शीर्षकाला इथे शून्यच हवा.

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठ नव्हे तर शीर्षकपान बघायचं आणि कोरी नोंद भरायची. ती जमा केल्यावरच तयार नोंद उतरवायची आणि जिथे फरक दिसेल तिथे कोणाचं बरोबर ते लिहायचं. कधीकधी विद्यार्थ्याचंच बरोबर निघतं!

देवनागरीची खिचडी आणि प्रश्नचिन्हं

मार्क नोंदीच्या सुरुवातीचा लीडर २४ अक्षरांचा, आणि मोजणी शून्यापासून. ०९ या जागी, म्हणजे दहाव्या अक्षरात, रोमन लहान ‘ए’ असेल तर नोंद युनिकोडमध्ये आहे. ती जागा रिकामी असेल तर सिस्टीम जुनी मार्क-८ संकेतपद्धत धरते, आणि तिच्यात देवनागरीला जागाच नाही.

चिन्हं कशी दिसतात त्यावरून रोग ओळखा. रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल तर मजकूर बहुधा जिवंत आहे, वाचताना संकेतपद्धत चुकलीय. फाइल यूटीएफ-८ निवडून पुन्हा आयात करा. सरळ प्रश्नचिन्हं दिसत असतील तर सेव्ह करतानाच अक्षरं गेली. मूळ फाइलकडे परत जावं लागेल.

मार्कएडिटची मजकूर फाइल हातानं लिहीत असाल तर टॅगनंतर दोन स्पेस हव्यात, आणि रिकाम्या इंडिकेटरच्या जागी उलटी तिरकी रेघ. एक स्पेस कमी पडली तरी ओळ बिघडते, आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो.

जुन्या नोट्स, नवं टूलकिट

आरडीए या कॅटलॉगिंगच्या नियमावलीचं ऑनलाइन टूलकिट डिसेंबर २०२० पासून नव्या रूपात आहे, आणि २.३.२ सारखे जुने नियमक्रमांक त्यात नाहीत. वर्गात जुने क्रमांक आणि हातात नवं टूलकिट असेल तर विद्यार्थी शोधून थकतो. वर्गणी घ्यायच्या आधी आपल्या नोट्स तपासा. तोपर्यंत घटकांच्या व्याख्यांसाठी मोफत आरडीए रजिस्ट्री वापरता येते, पण तिच्यात सूचना नाहीत एवढं सांगून ठेवा.

सत्र संपलं की लॉगिन बंद होणार. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येकाला आपल्या नोंदी मार्क फाइल म्हणून एक्सपोर्ट करायला लावा, आणि ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर मार्कएडिटमध्ये उघडून दाखवायला सांगा. नुसती डाउनलोड केलेली फाइल रिकामी निघाल्याचं मी दोनदा पाहिलंय.