घरी बर्न केलेली डीव्हीडी प्लेअरवर चालत नसेल तर

घरी बर्न केलेली, म्हणजे संगणकावरून लिहिलेली डीव्हीडी संगणकावर चालते आणि टीव्हीजवळच्या प्लेअरवर मात्र चालत नाही, तेव्हा दोष बहुधा ती तयार करण्याच्या पद्धतीत असतो. डिस्क संगणकात उघडून पाहावी. आत 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर नसून नुसती एमपी४ फाइल असेल, तर ती डेटा डिस्क आहे आणि अनेक जुने प्लेअर ती वाचत नाहीत. अशा वेळी डीव्हीडी-व्हिडिओ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पाल' ही भारतातील टीव्हीची चित्रपद्धत निवडून नवी डिस्क करावी. फोल्डर असूनही डिस्क चालत नसल्यास ती फायनलाइज झाली आहे का, म्हणजे लेखन संपवून बंद केली आहे का, हे तपासावे.

चित्र अडखळत असेल, तर मऊ, कोरड्या कापडाने डिस्क मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार कधीही नाही. नवी डिस्क कमाल वेगाऐवजी ४ किंवा ८ एक्सवर, म्हणजे मूळ वेगाच्या चौपट किंवा आठपट वेगाने बर्न करावी.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार मात्र वेगळा करावाच लागतो, कारण पारा ४५ अंशांवर जातो आणि बर्न केलेल्या डिस्कमधील रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उन्हाने खराब होतो. नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी बहिणीच्या लग्नाची डिस्क पश्चिमेच्या खिडकीत राहिली. आता ती सप्तपदीपर्यंत नीट चालते आणि पुढे थिजते, कारण लेखन आतून बाहेर होते आणि तिची जांभळट कडा फिकी पडली आहे. अशी डिस्क दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी आणि जिथे वाचली जाईल तिथेच तिची प्रत हार्ड डिस्कवर ताबडतोब घ्यावी.